छोट्या कॅटामरानवर शीड शिकायचंय : गोव्यात सुरुवात कशी करू?

मांडवीपार

नमस्कार मंडळी,

पर्वरीत राहते, ऑफिस पणजीत. दिवसातून दोनदा मांडवी ओलांडायची, पाण्याशी संबंध तेवढाच. आता मुलगा शिकायला बाहेर गेलाय, शनिवार-रविवार मोकळे मिळायला लागलेत आणि एक जुनी हौस डोकं वर काढतेय. शिडाची बोट स्वतः चालवायला शिकायची. जेट स्की, पॅरासेलिंग वगैरे नको. करंजाळेच्या बाजूला दिसतात ना, दोन निमुळत्या होड्या शेजारीशेजारी, मध्ये जाळीचा माच आणि वर रंगीत शीड, त्या हॉबी कॅट, म्हणजे छोट्या कॅटामरान. तीच शिकायचीय.

वय पन्नाशीकडे झुकलेलं. पोहता येतं, पण तरणतलावातलं. समुद्रात पाय टेकेनासे झाले की पोटात गोळा येतो. ताकद बेताची, चष्मा आहे. या वयात हे जमतं का? कॅटामरान नवख्यांसाठी बरी की आधी साध्या एका होडीवर शिकावं? कोणत्या महिन्यात सुरू करावं? आणि उलटली तर काय होतं, हेही सांगून टाका, म्हणजे नवऱ्याला उत्तर देता येईल.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिखटमीठ

वाचतोय. मलाही हवंय हे.

घाटावरचा

आमचा नौकानयनाचा अनुभव म्हणजे रंकाळ्यातली पायडल बोट. तरी धाग्यावर लक्ष ठेवून आहे. :)

शीडवाला

मांडवीपार ताई, जमतं. शिडाच्या बोटीत ताकदीचं काम लोक समजतात त्याच्या निम्मंही नाही. जिथे जोर लागतो तिथे कप्प्या असतात. चष्म्याला मागून दोरी बांधा.

शिकण्यासाठी दोनापावलाला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. गोवा यॉटिंग असोसिएशनची मंडळी आहेत, खासगी शिकवणारेही आहेत. कुठेही गेलात तरी फी विचारण्याआधी एक प्रश्न विचारा, सोबत मोटारीची रेस्क्यू बोट पाण्यात असते का? किनाऱ्यावर उभी असते, फोन केला की येते, हे उत्तर चालणार नाही. ती पाण्यातच हवी. एका ठिकाणी मला "लागत नाही हो साहेब, वारा कमी असतो" असं उत्तर मिळालं होतं. मी तिथूनच परत फिरलो.

आता बोटीबद्दल. तुम्ही पाहिलेली बहुधा हॉबी १६ असेल. कॅलिफोर्नियातल्या होबी आल्टर या सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसाने ती १९६९ च्या सुमारास आणली, आणि जगभरात लाखाहून जास्त बनल्या आहेत. लांबी साधारण ५ मीटर, रुंदी २.४ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास. खाली पातं किंवा कील (तळातून पाण्यात उतरणारा कणा) काही नाही. हलची, म्हणजे त्या दोन निमुळत्या होड्यांपैकी प्रत्येकीची, बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर असते, त्यामुळे वाऱ्याने बोट बाजूला घसरायचं ते तो हलच रोखतो. खाली काही लोंबत नसल्यामुळे सरळ वाळूवर चढवता येते. सुकाणूची दोन्ही पाती जमिनीला टेकली की आपोआप वर उचलली जातात. गोव्यासारख्या किनाऱ्यासाठी हे फार सोयीचं.

नवख्याला बरी का? बरी. दोन हलमधलं अंतर मोठं, त्यामुळे चढताक्षणी डुगडुगत नाही. एका हलच्या छोट्या डिंगीत माणूस पहिले काही दिवस तोल सांभाळण्यातच घालवतो. इथे माचावर मांडी घालून बसा आणि वारा कुठून येतोय ते बघा. शिकायचं आहे ते तेच.

पण माझं एक ठाम मत आहे. पहिल्या दिवशी बोट चालवायला शिकू नका, थांबवायला शिका. मेनशीट म्हणजे मोठ्या शिडाची दोरी. ती सोडली की शीड फडफडतं आणि बोट मंदावते. गडबड वाटली की दोरी सोडायची. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. घाबरला की हातात जे असेल ते घट्ट धरतो, आणि हातात असते तीच दोरी! मी नव्या माणसाला आधी किनाऱ्याजवळ नुसतं "ओढ, सोड, ओढ, सोड" करायला लावतो. कंटाळा येईपर्यंत.

लेझरवाली

शीडवाला, बहुतेक सगळ्याला +१, पण दोन ठिकाणी वाद घालणार.

पहिलं म्हणजे "दोरी सोडली की बोट थांबते" हे अर्धंच खरं. वारा समोरून किंवा बाजूने असेल तेव्हा ठीक. वारा पाठीमागून असेल तर दोरी सोडल्यावर शीड बाहेर जातं, डोलकाठीच्या बाजूच्या तारेला टेकतं आणि तिथेच वाऱ्याने भरून राहतं. बोट थांबत नाहीच. तेव्हा आधी बोट हळूहळू वाऱ्याकडे वळवायची, मग दोरी. हे पहिल्या दिवशीच सांगितलं पाहिजे. कारण नवखे परत येताना हमखास वारा पाठीवर घेऊन किनाऱ्याकडे येतात आणि तिथेच त्यांची तंतरते.

दुसरं, मी आधी एका हलवर शिकायच्या बाजूची आहे. छोटी डिंगी वाऱ्याचा प्रत्येक झोत अंगावर सांगते. कललीस, तर चूक झाली. कॅटामरान सगळं पोटात घालते आणि मग एकदम उलटते. डिंगीवर शिकलेला माणूस कॅटवर पटकन रुळतो. कॅटवर शिकलेल्याला डिंगीवर पुन्हा बालवाडी.

शीडवाला

पाठीमागच्या वाऱ्याचं मान्य. लिहायला हवं होतं.

दुसरं मान्य नाही. विशीतल्या पोराला डिंगी द्या, दिवसभर पाण्यात पडेल आणि हसेल. ताईंच्या वयाचं माणूस पहिल्या सकाळी पाच वेळा पाण्यात पडलं तर सहाव्यांदा येणारच नाही. शिकवण्याच्या पद्धतीत माणूस टिकणं हाही भाग येतो की नाही?

लेझरवाली

येतो. पण मग निदान हे कबूल करा की तुमची कॅट उलटली की उलटीच राहायला तिला आवडतं. :) आपल्या नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' घ्या. इथेच दिवाडीला बांधली, २००९ मध्ये नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी दिलीप दोंदे तिच्यातून एकटे जगप्रदक्षिणेला निघाले. मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमींनी कुठेही न थांबता तीच फेरी केली. ५६ फुटी बोट, एकच हल, खाली वजनदार कील. ती आडवी झाली तरी कीलचं वजन तिला पुन्हा उभी करतं. कॅटला ती सोय नाही. तिचं सगळं स्थैर्य रुंदीचं. उलटी झाली की तीच रुंदी तिला उलटीच धरून ठेवते.

घाटावरचा

हे वाचून पायडल बोटीबद्दलचा आदर वाढला.

रापणकार

बाय, बोट कसली घ्यायची ते हे लोक सांगतील. मी वाऱ्याचं सांगतो, आमचं घरच त्यावर चालतं.

थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. मऊ वाटतो, पाणी एकदम सपाट. नव्या माणसाला तो बरा वाटतो आणि तोच फसवतो, कारण तो आत समुद्राकडे नेतो आणि परत यायच्या वेळी पडतो. मग बसा दुपारपर्यंत. मध्ये एक वेळ अशी येते की वाराच नसतो. त्यानंतर दुपारी खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून, आणि तीन-चारच्या सुमाराला जोरात असतो. हा किनाऱ्याकडे आणतो, म्हणून शिकायला हाच धरावा, पण सुरुवातीचा, जोर धरण्याआधीचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. मार्चनंतर दुपारचा वायव्य वारा चांगलाच दांडगा होतो. जून ते सप्टेंबर नाव काढू नये. जून-जुलै ६१ दिवस आमच्या ट्रॉलरांनाच बंदी असते, मग हौसेच्या बोटीचं काय घेऊन बसलात.

वारा किती आहे हे मोबाईलमध्ये बघण्याआधी पाण्यावर बघा. लाटांच्या डोक्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसायला लागला की साधारण ८-१० नॉट. सगळीकडे पांढरंच दिसायला लागलं की नव्या माणसाने किनाऱ्यावर बसून भजी खावी. पाण्यावर काळपट डाग सरकत येताना दिसला तर तो वाऱ्याचा झोत. तो अंगावर यायच्या आधी दोरी हातात सैल ठेवायची.

आणखी एक. मांडवीच्या किंवा जुवारीच्या तोंडाशी ओहोटी लागलेली असताना वारा समुद्राकडून असला तर पाणी आणि वारा समोरासमोर येतात. लाटा आखूड आणि उभ्या होतात. आग्वादच्या समोर वाळूचा बांध आहे, तिथे तर विचारू नका. नवख्याने नदीच्या तोंडापासून लांब राहावं.

जाळी बघून जा. थर्माकोलचे तुकडे, रिकामे कॅन तरंगताना ओळीत दिसले तर मधून बोट घालू नका. सुकाणू अडकतं, जाळं फाटतं आणि मग आमच्या शिव्या खाव्या लागतात.

मांडवीपार

बाप रे, किती माहिती! रापणकार भाऊ, मनापासून आभार. मतलई वारा शाळेच्या भूगोलानंतर आज भेटला.

प्रश्नचिन्ह

मूलभूत शंका. वारा ज्या दिशेने येतो त्याच दिशेला शिडाची बोट जाते कशी? मला हे कधीच कळलेलं नाही.

शाळामास्तर

अगदी वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची बोट जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५-४५ अंशांचा पट्टा सोडून द्यायचा. त्याच्या कडेने तिरकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी वर चढायचं. शीड नुसतं ढकललं जात नाही. त्याच्या फुगीर बाजूवरून हवा वळते आणि शिडाला आडवी ओढ लागते. पाण्यातला हल आडवं जाऊ देत नाही, म्हणून उरलेली ओढ पुढे नेते. बोटीचा वेग वाढला की स्वतःचाच वारा समोरून लागतो, त्यामुळे अंगाला जाणवणारा वारा आणि किनाऱ्यावरच्या झेंड्याला लागणारा वारा वेगळे असतात. कॅटवर हे फार जाणवतं कारण ती वेगवान. म्हणूनच कॅटवाले नाकासमोर वारा पाठीवर घेऊनही जात नाहीत. तिरकं जाऊन पुन्हा वळतात. अंतर जास्त पडतं, तरी आधी पोचतात.

प्रश्नचिन्ह

कळलं असं वाटतंय. उद्या सकाळी विचारू नका.

मांडवीपार

धागा वर काढतेय. सुरुवात केली! वर्गात नवे लोक आहेत, सोबत रेस्क्यू बोट पाण्यात आहे, शिकवणारा मुलगा माझ्या मुलापेक्षा थोडाच मोठा. मला "मॅडम" म्हणतो आणि ओरडतो मात्र शाळेतल्या सरांसारखा.

पहिला धक्का वाळूवरच बसला. बोट पाण्यापर्यंत न्यायलाच चार माणसं लागतात. जाड फुग्यांच्या चाकांचा एक गाडा असतो, त्यावर चढवायची. मग त्याने दोन्ही हलच्या मागे वाकून बुचं तपासायला लावली. हल पोकळ असतात आणि मागे एकेक भोक असतं, आत गेलेलं पाणी काढायला. बूच लावायचं राहिलं तर एक हल हळूहळू भरतो आणि बोट एका बाजूला ओढत राहते, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की आता घरातल्या पाण्याच्या टाकीचं झाकणही दोनदा बघते.

बोट सरळ जाते. मजा येते, खरंच. बाजूने वारा असला की हल पाणी कापत जातो तेव्हा खालून एक बारीक शीळ येते. पण वळताना गाडी अडते. वाऱ्याच्या तोंडावरून पलीकडे वळवायला गेले की बोट मध्येच थांबते, शीड फडफडतं, आणि मग ती मागे मागे जायला लागते. दर वेळी! मुलगा ओरडतो, "मॅडम टिलर, टिलर!" आणि मी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, कुठेतरी ढकलते. यावर कुणी नीट समजावून सांगेल का? शिकवताना सगळं फार भरभर होतं.

शीडवाला

अभिनंदन! आणि तुम्ही अडकलात तिथे सगळेच अडकतात. कॅटामरान वळवणं हीच तिची खरी परीक्षा आहे. हलकी असते, म्हणून वेग चटकन मरतो. दोन लांब हल पाण्यात रुतलेले असतात, त्यामुळे जागच्या जागी गिरकी घेत नाही. बैलगाडी वळवताना जशी आधी जागा आणि चाल लागते, तसं.

सावकाश सांगतो. वळण्याआधी बोटीला वेग हवा. वाऱ्याच्या जवळून, पण शीड भरलेलं असेल अशी चालवा. घाईने वाऱ्याच्या तोंडाला फार चिकटून गेलात तर वळण्याआधीच चाल मेलेली असते. बहुतेक वेळा बिघडतं ते इथेच. मग टिलर शिडाच्या दिशेने ढकला, पण धक्का मारू नका. एकदम आडवी केलेली सुकाणूची पाती म्हणजे पाण्यात उभे केलेले दोन दरवाजे, बोट तिथेच थांबणार. सुरुवात हळू, मग जरा जास्त. मेनशीट सुरुवातीला ओढलेलीच ठेवायची, कारण मोठं शीडच नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवतं.

नाळ वाऱ्याच्या तोंडावरून जातेय असं वाटलं की मेनशीट हातभर सैल सोडा. नाहीतर तेच शीड नाळेला पुन्हा मागे वाऱ्यावर आणून उभी करतं. पुढच्या छोट्या शिडाला, म्हणजे जिबला, मात्र हात लावू नका. ते जुन्याच बाजूला अडकवलेलं राहू द्या. आता वारा त्याच्या उलट्या बाजूने भरेल आणि नाळेला ढकलत पलीकडे नेईल. जवळजवळ फुकटचं इंजिन आहे ते. नाळ पूर्ण पलीकडे गेली की मग जिब सोडून नव्या बाजूला ओढा, आणि मेनशीट हळूहळू घट्ट करा.

यात आपणही माचावरून एका बाजूची दुसऱ्या बाजूला सरकतो. हॉबी १६ चं बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालची आडवी काठी, खाली असतं, मान वाकवूनच जा. टिलरचा लांब दांडा मेनशीटच्या कप्प्यांच्या मागून फिरवून पलीकडे न्यायचा. पहिले काही दिवस तो दांडा आपल्याच पायात येतो. घरी झाडूचा दांडा घेऊन सतरंजीवर बसून सराव करा. हसू नका, मी केलाय.

आणि तरीही अडकलात तर? बोट मागे जातेय ना, जाऊ द्या. मागे जाताना सुकाणू उलटं चालतं. दोन्ही शिडं सैल करा आणि नाळ ज्या बाजूला न्यायची आहे त्याच बाजूला टिलर ढकला. पुढे जाताना आपण याच्या बरोबर उलट करतो, म्हणून डोक्यात गोंधळ होतो. बोट मागे मागे जात वळेल, वारा बाजूने लागेल, मग टिलर सरळ करून दोरी ओढा आणि चाला.

लेझरवाली

उत्तम लिहिलंत. आता कॅटबद्दल वाईट बोलत नाही. फक्त एक भर. टिलर एकदम जड लागायला लागला तर जोर लावत बसू नका, मागे वळून पाती बघा. उथळ पाण्यात टेकून एखादं पातं अर्धं वर आलेलं असतं. ते खाली बसवलं की टिलर पुन्हा हलका.

घाटावरचा

झाडूचा सराव बायकोने पाहिला. आता घर झाडायचं काम माझ्याकडे आलंय. धन्यवाद, शीडवाला.

पेडणेकार

माझी पोरगी दहा वर्षांची आहे. तिलाही घेऊन जाता येईल का?

लेझरवाली

हॉबी १६ वर पुढे बसवून फिरवता येईल, पण शिकायला तिच्यासाठी ऑप्टिमिस्ट. आठ फुटांहूनही लहान, एकच शीड, चौकोनी नाळेची पेटीसारखी बोट. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं जगभर त्याच बोटीवर शर्यती खेळतात. मुलं तुमच्याआमच्यापेक्षा लवकर शिकतात, तेवढा अपमान गिळायची तयारी ठेवा.

तिखटमीठ

मांडवीपार ताईंचा मूळ प्रश्न राहिलाच की. उलटली तर?

लेझरवाली

हो, आणि यात मला गोड बोलायचं नाहीये.

कॅट दोन तऱ्हांनी उलटते. एक, वाऱ्याच्या बाजूचा हल उचलला जातो, उचलत जातो आणि आडवी. याला वेळ मिळतो, दोरी सोडली की बहुतेकदा हल खाली येतो. दुसरी तऱ्हा वाईट. वारा तिरका मागून, वेग भरपूर, आणि वाऱ्याखालच्या हलची नाळ लाटेत घुसते. पुढचं टोक थांबतं, मागचं थांबत नाही, आणि सगळे डोलकाठीवरून पुढे. हॉबी १६ च्या नाळा बारीक आहेत, त्यामुळे तिला ही खोड आहेच. उपाय म्हणजे वेग वाढला की दोघांनीही मागे सरकून बसायचं. नाळ पाण्यात जायला लागली की वजन आणखी मागे आणि जिब आधी सोडायचा.

उलटली की सगळ्यात आधी माणसं मोजा. मग बोटीला धरून राहा. पोहत किनाऱ्याला जायचा विचारसुद्धा नको. उलटी बोट दुरून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. शिवाय बोट वाऱ्याने सरकते आणि ती तुमच्यापेक्षा वेगाने सरकते. सुटली तर गाठता येत नाही. पुढचं काम म्हणजे दोन्ही शिडांच्या दोऱ्या क्लीटमधून, म्हणजे दोरी अडकवायच्या खाचेतून, मोकळ्या करणं. न केल्यास बोट उभी राहताच शिडं भरून तुम्हाला सोडून निघून जाते. नाळ वाऱ्याकडे येईपर्यंत थांबा. मग उचलायची दोरी वरच्या हलवरून घेऊन, खालच्या हलवर उभं राहून, अंग मागे टाकायचं. हाताने ओढू नका, पाय ताठ ठेवून सगळं वजन मागे सोडा. डोलकाठी पाण्यातून सुटेपर्यंत काहीच होत नाही असं वाटतं, नंतर सगळं एकदम होतं. वरचा हल डोक्यावर येऊ देऊ नका, आणि बोट दुसऱ्या बाजूला पुन्हा कलंडू नये म्हणून खालची आडवी दांडी धरून ठेवा.

आता कडू गोळी. हॉबी १६ उभी करायला सव्वाशे-दीडशे किलो वजन लागतं. ताईंसारखं हलकं माणूस एकटं कितीही लोंबकळलं तरी ती उठेलच असं नाही. म्हणून एकटीने जायचं नाही, आणि रेस्क्यू बोटीचा शीडवालांचा मुद्दा दगडावरची रेघ समजा. काही बोटींना डोलकाठीच्या टोकाला फुगा बांधतात, त्यामुळे बोट आडवी राहते, पूर्ण उलटी होत नाही. शिकायच्या बोटीला तो असला तर फारच बरं.

मांडवीपार

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मला पण यावं लागणार, वजनाला." त्याचं वजन मी इथे लिहीत नाही, पण प्रश्न सुटला.

शीडवाला

भाऊजींना माझा नमस्कार. योग्य क्रू मिळाला. :)

सामानाचंही लिहितो, कारण लोक नको तिथे पैसे घालतात. लाइफ जॅकेट घट्ट बसणारं, फोमचं. दोरी ओढून फुगणारं नको. ते कॅटवर अडकतं आणि फुगल्यावर बोटीवर चढता येत नाही. पायात पातळ तळव्याचे बंद बूट, कारण खडकांवरची कालवं पाय कापतात. बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे असले तर दोरीने तळहात सोलत नाहीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट. टोपीला दोरी. पाण्याची बाटली बोटीला बांधून. मोबाईल वॉटरप्रूफ पिशवीत अंगावर बांधून, बोटीवर नको.

घरी शिकायच्या गाठी दोनच. बोलाइन, म्हणजे न आवळणाऱ्या फाशाची गाठ, आणि दोरीच्या टोकाची आठच्या आकड्याची गाठ, म्हणजे दोरी कप्पीतून निसटत नाही. बाकी हळूहळू.

स्वतःची बोट घ्यायची घाई कुणी करू नका. एक मोसम दुसऱ्याची चालवा. घ्यायची झालीच तर कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात आधी चौकशी, आणि बोट ठेवायची कुठे याचा विचार त्याच्याही आधी. डोलकाठी आठ मीटरची आणि अॅल्युमिनियमची असते. उभ्या काठीसकट बोट वाळूवरून नेताना वर बघा. विजेची तार असली तर खेळ संपला.

प्रश्नचिन्ह

पाण्यात वाट कुणी कुणाला द्यायची? रस्त्यावर गोव्यात पर्यटकांच्या भाड्याच्या गाडीला द्यावी लागते, तसं काही?

शीडवाला

दोन शिडांच्या बोटी समोरासमोर आल्या तर ज्याच्या उजव्या अंगाला वारा लागतो त्याचा हक्क पहिला. दोघांना एकाच अंगाने वारा असेल तर जो वाऱ्याच्या वरच्या बाजूला आहे त्याने बाजूला व्हायचं. मोटारबोटीने एरवी शिडाला वाट द्यायची असते. पण मुरगाव बंदराच्या वाटेवर किंवा मांडवीत मोठी जहाजं, बार्ज, क्रूझ बोटी अरुंद खोल पाण्यातून चाललेल्या असतात, तिथे शिडवाल्यानेच त्यांच्या वाटेत यायचं नसतं. नियमच आहे तो. आणि पॅरासेलिंगची बोट दिसली तर नियम आठवत बसू नका, लांब जा. तिच्या मागे दोरी आहे, दोरीला माणूस आहे, आणि चालवणाऱ्याचं लक्ष वर आहे.

मांडवीपार

पुन्हा एकदा वर काढते. जिबचं जमलं! शिकवणाऱ्या मुलाने पुढे नवऱ्याला बसवलं होतं आणि ओरडून सांगितलं होतं, "सर, मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही." नाळ वाऱ्याच्या तोंडावर आली, सगळं फडफडायला लागलं, माझा हात नेहमीसारखा टिलरवर जोर लावायला निघाला. तेवढ्यात ते छोटं शीड उलट्या बाजूने फुगलं, नाळ गपकन पलीकडे गेली. नवरा आपला हात वर करून बसलेला, पोलिसांनी पकडल्यासारखा. त्यानंतरची वळणं निम्मी जमली, निम्मी नाही. वारा अगदीच कमी असला की अजून अडकते.

शीडवाला

कमी वाऱ्यात सगळेच अडकतात. तेव्हा दोघंही थोडे पुढे सरकून बसा, मागचे भाग पाण्यातून हलके होतात आणि बोट जरा बरी फिरते. वळण लांबलचक घ्या.

किनाऱ्यावर आल्यावर बोट गोड्या पाण्याने धुता ना? कप्प्या, सुकाणूची कुलपं, डोलकाठीचा पाया. खारं पाणी सुकलं की सगळं धरतं. शिडं सावलीत वाळवून गुंडाळायची, उन्हात फडफडत ठेवायची नाहीत. वर्गात हे शिकवत नसतील तर तुम्हीच विचारा.

मांडवीपार

धुतो. नवऱ्याला तेच काम सर्वात आवडतं.

रापणकार भाऊ, एक विचारायचं होतं. या रविवारी आम्हाला वेळ आपली आपण निवडायला सांगितलीय. पंचमी आहे. भरती कितीला?

रापणकार

तिथीची पाऊणपट करायची. पाचाचे पावणेचार. हा झाला मुंबईकडचा हिशेब, आपल्याकडे भरती त्याच्या तासभर आधी धरा, म्हणजे पावणेतीनच्या आसपास. अंदाज आहे हा, छापील कोष्टक बघून खात्री करा. पंचमीला ना पूर्ण उधाण ना पूर्ण भांग (सगळ्यात कमी चढणारी भरती), पाणी मध्यम चढेल.

दुपारी एकला उतरा. पाणी चढतं असेल, खारा वारा नुकता लागलेला असेल, दोन्ही किनाऱ्याकडे आणणारे. गाडा वाळूवर वरपर्यंत ओढून ठेवा, भरतीला वाहून जातो. तीनच्या आत बाहेर या. आणि बाय, त्या बाजूला आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागायची शक्यता आहे, किनाऱ्यावर माणसं दोर ओढताना दिसली तर उत्तरेकडून वळसा घाला.

तिखटमीठ

रविवारी एकला मी किनाऱ्यावर येतो. बघायला. वजनाला आणखी माणूस लागला तर सांगा.